सहा गिअरांची निळी गाडी व इतर किरकोळ मालमत्ता

मी, श्रीमती कुमुदिनी रविकांत खांबेटे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त संशोधक, राहणार त्सुकुबा, जपान, हा लेख आज सकाळचा चहा घेऊन, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. त्यांनी थांबवले तेव्हा मी उणे पाचवर होते. दबाव कोणाचाही नाही. असता तरी मी जुमानला नसता.

कलम १. कर्वेनगरचा फ्लॅट माझे दिवंगत पती रविकांत यांचा पुतण्या जयेश, राहणार उरायासु, जपान, याला. मोरीतला पाइप गळतो. तो आता त्याचा.

कलम २. बँकेतील शिल्लक जयेशची पत्नी सुरुची हिला. जयेश दर दिवाळीला फराळ खाता खाता विचारतो, "काकू, तुमच्यानंतरचं काही ठरवलंय का?" तिने कधी विचारले नाही. शिवाय फराळ तिनेच केलेला असतो.

कलम ३. नणंद नयनाताई यांचा पितळी अडकित्ता त्यांना परत द्यावा. १९८२ साली मी तो चुकून नेला, असे त्या सगळ्यांना सांगतात. मी तो चुकून नेला नव्हता.

कलम ४. मोटारगाडी. इटालियन स्पोर्ट्स कार, दोन आसनी, रंग निळा, स्टिअरिंग डावीकडे, हाताने टाकायचे सहा गिअर. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर दहाव्यालाच गिऱ्हाइके येतील. बॉनेटवर तळहाताएवढा पोचा आहे.

मार्च २०११च्या भूकंपानंतर रविकांतांनी पुण्याची दोन तिकिटे काढली. माझ्या प्रयोगशाळेत उपकरणे आडवी पडली होती. "ती उभी केल्याशिवाय मी येत नाही," मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." ते झाले. सहा आठवडे.

शेजारी सुगावारा-सान राहत, वय अठ्ठ्याहत्तर, एकटे. त्यांच्या घराची कौले शेड फोडून या गाडीवर पडली होती. दोन दिवस आम्ही दोघांनी कौले उचलली. खाली गाडी निघाली, पोचा एकच. सुगावारा-सान डावा गुडघा चोळत म्हणाले, "आता क्लच माझ्याने दाबवत नाही. तुम्हाला येते का?"

"परवाना आहे. गाडी नेहमी नवरा चालवतो."

"ते कुठे आहेत?"

"पुण्यात."

"मग बसा."

तेव्हा पेट्रोलला तासन् तास रांगा होत्या. म्हणून पहिले दहा दिवस मी इंजिन बंद ठेवूनच शिकले. क्लच, पहिला. क्लच, दुसरा. अधूनमधून जमीन हलायची. सुगावारा-सान घड्याळ बघून म्हणायचे, "थांबली. चला, तिसरा."

रविकांत परतले तेव्हा त्यांना नारिता विमानतळावरून मीच आणले. वाटेत त्यांनी दोनच प्रश्न विचारले: गाडी कोणाची, आणि ब्रेक चालतो ना. त्या उन्हाळ्यात सुगावारा-साननी ती मला देऊन टाकली. अट एकच घातली: आठवड्यातून एकदा तरी चालवायची. पुढची सात वर्षे रविकांत माझ्या उजवीकडे बसले. इथे पार्किंगचे यंत्र उजव्या बाजूला असते, त्यामुळे तिकीट घेणे त्यांच्याकडे. त्यांनी एकही तिकीट हरवले नाही आणि पुण्याचा विषय मी एकदाही काढला नाही. संसार असाच होतो.

गेल्या वर्षी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनहून घरी आले, तर दारात जयेश आणि पांढरे हातमोजे घातलेले एक संग्राहक गृहस्थ. मला न विचारता आणलेले. गृहस्थ म्हणाले, हाताने गिअर टाकायच्या अशा गाड्या आता होत नाहीत. ते हिला काचेच्या खोलीत ठेवतील.

"चालवणार कोण?" मी विचारले.

"चालवली तर मोल उतरते, ओकुसान." ओकुसान म्हणजे बाईसाहेब.

जयेश म्हणाला, "काकू, ही गाडी नाहीये, असेट आहे. जरा प्रॅक्टिकल व्हा ना."

"बरं. मग तुझा असेट शेडबाहेर काढून दाखव त्यांना."

त्याचा परवाना ऑटोमॅटिकपुरता. तरी पाहुण्यांसमोर नाही कसे म्हणणार? गाडीने तीनदा उडी मारली आणि तीनदा बंद पडली. तिसऱ्या वेळी गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. जयेशची मुलगी तन्वी, इथल्या विद्यापीठात शिकते, सायकल धरून उभी होती. "मुरी, पापा," ती म्हणाली. मुरी म्हणजे जमायचे नाही.

पाहुणे गेल्यावर तिने मला हळूच विचारले, "आजी, मला जमेल?"

तिचाही परवाना ऑटोमॅटिकपुरताच होता. ती ड्रायव्हिंग स्कूलला गेली, एकदा नापास झाली, पुन्हा गेली. घरी कोणाला बोलली नाही, मीही नाही. या सप्टेंबरात आम्ही त्सुकुबाच्या डोंगरावर गेलो. चढावर पुढची बस थांबली आणि आमची गाडी बंद पडली. मागे रांग लागली. तन्वीच्या डोळ्यांत पाणी आले. "आजी, तू ये ना इकडे."

"माझ्या मांडीवर पिशवी आहे," मी म्हणाले. पिशवी रिकामी होती, डबा पायाशी होता.

तिने नाक पुसले, क्लच दाबला आणि निघाली. वर पोचल्यावर मी डबा उघडला, तर ती म्हणाली, "मो इक्काइ." आणखी एकदा. आम्ही खाली उतरून पुन्हा वर गेलो.

सबब सदर गाडी मी या मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकत नाही. ती माझी नाही. मागच्या शुक्रवारी ती रीतसर तन्वीच्या नावावर झाली. जयेश, तिला विकायला सांगण्याची तुला पूर्ण मुभा आहे. ती काय उत्तर देईल ते ऐकायला मी नसेन, एवढीच हळहळ.

कलम ५. पुण्याच्या वकीलबाईंनी बजावले आहे की मृत्युपत्राने ज्याला काही मिळते, त्याला साक्षीदार करू नये. तन्वीला यातून एक चमचाही मिळत नाही. सबब मी तिला बोलावून घेतले आहे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हसण्यासाठी, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

त्सुकुबा, दि. १४ ऑक्टोबर २०२४

(सही) कुमुदिनी रविकांत खांबेटे

साक्षीदार:
१. (सही) अनुराधा चंद्रशेखर लवाटे, त्सुकुबा
२. (सही) तन्वी जयेश खांबेटे, त्सुकुबा