शेवटचा नंबर

ताई,

वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे. दोन वेळा जेवतो, न चुकता वाफ घेतो, आईला तसं सांग. तिचा गुडघा कसा आहे?

साथ कोणत्या भागाने कशी आवरली, याचा तक्ता पेपरात आलाय. मी नोकरी करतो तो इथला भाग पहिला, आपला घराकडचा शेवटचा. तुमच्या दवाखान्यात तो भिंतीवर लावून मोठे डॉक्टर तुम्हा सगळ्या नर्सना टाकून बोलले, असं आईकडून कळलं. तू मात्र फोनवर चकार शब्द काढला नाहीस.

ताई, तो तक्ता इथल्या कचेरीत बसून मी केलाय.

इथे दवाखान्यात दगावलेलेच मोजतात. घरी जो दगावला, तो म्हातारपणाने गेला असं लिहितात. तू दारोदार फिरून, लोकांच्या शिव्या खाऊन घरी दगावलेल्यांचंही एकेक नाव लिहून घेतलंस. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसवले. मोजायची रीत वेगळी आहे, अशी खाली टीपही लिहिली होती. साहेब म्हणाले, "काढून टाका, कोण वाचतंय?" मी काढली. पहिल्या नंबराचा सत्कार झाला, त्यात पुष्पगुच्छही घेतला.

बाबा घरीच गेले तेव्हा काका तुला म्हणाले होते, "साथीत लिहू नकोस, लोक दारात उभं करणार नाहीत." तरी तू लिहिलंस.

आईला हे वाचून दाखवू नकोस. आपल्या शेवटच्या नंबरात बाबा आहेत. टीप खोडताना मला ते आठवले होते.

तुझ्यासमोर यायचं धाडस नसलेला,
तुझा धाकटा