एकाच विहिरीच्या दोन खोल्या

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती

डोकं पार बधिर झालंय. फिजिक्सच्या ऑनलाइन चाचणीतला तो प्रश्न मीच तयार केला होता. विहिरीतून पाणी उपसायला किती कार्य लागेल, आणि मग त्याच विहिरीवरच्या पंपाची शक्ती किती. प्रत्येक मुलाला आकडे वेगळे, पण दोन्ही भागांत खोली एकच हवी. ती जोडायची राहिली आणि दुसऱ्या भागात संगणकाने भलतीच खोली धरून मुलांची बरोबर उत्तरंही चूक ठरवली. तपासलं कसं नाही मी?

तेल्हाऱ्याहून माझ्या वर्गातल्या वैष्णवीच्या वडिलांचा फोन आला. "पोरगी रडून राहिली. सायन्स सोडतो म्हणते."

"चूक माझी आहे, तिची नाही."

"मंग तुमीच सांगा तिले. माह्यं कुठं ऐकते?"

तिला सांगितलं. मग म्हणाली, "मी तेच गणित पुन्हा पुन्हा करून राहिली होती, मॅडम. वाटलं, मलेच येत नाही."

खोली जोडली, सगळ्यांचे मार्क दुरुस्त केले आणि तिला परत फोन करून सांगितलं. पण तिचं सायन्स? विचारायचा धीर झाला नाही. फोन ठेवताना तीच म्हणाली, "उद्याच्या तासाची लिंक पाठवजा."

लगेच पाठवली.