अपवाही

प्रिय ठके,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्यांसारखं.

पहिली गोष्ट, तुझ्या शापाने काहीही झालेलं नाही. ‘तुमची जीभ लुळी पडेल तेव्हाच या घराला शांतता मिळेल,’ असं तू दारात चपला घालताना ओरडलीस आणि वर्षाच्या आत बाबांची जीभ खरंच जड झाली, हे मला ठाऊक आहे. पण बोलण्याने माणसं आजारी पडत असती तर तुझ्या आत्याच्या तोंडामुळे अर्धी गल्ली अंथरुणाला खिळली असती. तुझं ठरलेलं लग्न मोडलं, त्याची बाबांनी पाहुण्यांसमोर चेष्टा केली, तू चिडून गेलीस. रोग त्याच्या वाटेने आला. तो विषय संपला.

त्यांना काय झालंय, हे तू फोनवर नीट ऐकून घेतलं नाहीस, म्हणून लिहिते. बारावीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तू अभिवाही आणि अपवाही या दोन शब्दांची दर वेळी अदलाबदल करायचीस. संवेदना आत, मेंदूकडे नेणारे तंतू अभिवाही आणि मेंदूचा हुकूम बाहेर, स्नायूंकडे नेणारे अपवाही, हे सांगून माझा घसा बसला. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही हेच दोन शब्द आहेत म्हटल्यावर तू पुस्तकच मिटलंस. तेव्हा बाबा हातातला चहा ठेवून बसस्थानकावरच्या आवाजात म्हणाले होते, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे! अभिनंदन करायला माणसं आत येतात, अपमान झाला की बाहेर पडतात!’ पोरीला बिघडवताय, असं मी म्हटलं. पण त्यानंतर तू एकदाही चुकली नाहीस, हे कबूल करायला हवं.

तर ठके, त्यांचे अपवाही तेवढे मेले आहेत. आधी जीभ, मग हात, मग पाय, मग मान. जन्मभर गाड्या कुठून सुटणार हे गावाला ओरडून सांगणारा माणूस. आत जाणारं सगळं शाबूत आहे. चादरीला सुरकुती पडली तर ती टोचते. नाकावर माशी बसली तर कळते, फक्त हाकलता येत नाही, म्हणून मी बाजूला वर्तमानपत्र घेऊन बसते. लोक मात्र एकच चूक करतात. बाहेर काही येत नाही म्हणजे आतही काही जात नसणार, असं धरून चालतात. शेजारचे काका त्यांच्या कानाशी असे ओरडतात, जणू काही हे विहिरीत पडलेत. तुझी आत्या तर उशाशी बसून मलाच विचारते, ‘वहिनी, दादाच्या कपड्यांचं पुढे काय करायचं ठरवलंस?’ तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि सांगितलं, ते ऐकतायत. ती म्हणाली, ‘कशावरून?’ कॉलेजात शिकलेल्या जीवशास्त्राशिवाय माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

डोळे मात्र बरेच महिने टिकले. वर पाहिलं की हो, खाली पाहिलं की नाही. तेवढ्यावर आम्ही संसार केला, भांडलोसुद्धा. श्वासाचं यंत्र लावायचं नाही, हेही त्यांनी असंच सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी खाली. शेवटी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाचा असती तर ‘बहिरी आहेस का’ म्हणाले असते.

आता तुझा प्रश्न. ‘बाबांनी मला माफ केलं का, हो की नाही एवढं विचारून कळव. हो असेल तरच मी येईन,’ असं तू लिहिलंस. पत्र आलं त्याच्या आधीच्याच आठवड्यात डोळे थांबले होते. त्यापूर्वी मी विचारलं नव्हतं, कारण तुझ्या वतीने माफी मागायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी पत्र त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं आणि वाट पाहिली. डोळ्यांतून पाणी आलं. त्याचा अर्थ लावू नकोस. पापणी लवत नाही म्हणून येतं. हवामानाची बातमी वाचली तरी येतं. आत्या म्हणाली, ‘लिही ना वहिनी, दादा हो म्हणाला म्हणून. कोण बघतंय?’ मी बघतेय, म्हटलं. म्हणून ‘हो’ लिहीत नाही. ‘नाही’ही लिहीत नाही. मला माहीत नाही आणि आता ते कुणालाच कळणार नाही. डॉक्टर म्हणतात, आता श्वासाची पाळी आहे. छातीला फुगायला सांगणारे तंतूही बाहेर जाणारेच. तेव्हा उत्तर घ्यायला येणार असशील तर गाडीत बसू नकोस. नुसतं बोलून परत जायची तयारी असेल तर उद्याच निघ. त्यांच्याजवळ बसून काय ते बोल. आणि ओरडू नकोस, त्यांना नीट ऐकू येतं.

तुझीच,
खोटं न लिहिणारी आई