अण्णाचा ऐतवार

५ फेब्रु. १९८६, बुध. हुमनाबाद
वयनी लेकीला, मंगलला घेऊन माहेरी गेली, मंठाळला. भांडली न्हाई, रडली न्हाई. जाताना म्हणली, "शकू, भावाला जेवायला वाढत जा. पिऊन आला तरी."
अण्णा वरातीत वाजवून आला. घर मोकळं बघितलं. क्लॅरिनेट उशाला घेऊन झोपला. बाबा वारल्यावर ह्याच क्लॅरिनेटच्या कमाईवर त्यानं मला शिकवलं, मास्तरीण केलं. त्याच्यावर रागवायचं कसं, ते मला अजून...

७ फेब्रु. शुक्र.
शरणम्माबाईंनी शाळेत बाजूला घेतलं. त्यांचा भाऊ दर ऐतवारी गुलबर्ग्याला एका बैठकीला जातो. दारू सोडलेले, सोडायलेले लोक जमतात, आपापलं सांगतात. औषध न्हाई, फी न्हाई. "एकदा नेऊन तर बघा री," म्हणल्या.

९ फेब्रु. ऐतवार
आला. "तुझ्यासाठी येतो बघ," म्हणून अण्णा आला, पण आला.
गुलबर्ग्यात जागा सापडेना. दवाखान्यामागची शाळा म्हणे, तिथं शाळा दोन. अण्णानं पानवाल्याला विचारलं, "दारू सोडणारे कुठं बसतेत?" त्यानं नुसतं दारू ऐकलं अन् गुत्त्याचा रस्ता दाखवला. "बघ शकू, सगळं गाव मला तिकडंच धाडायलंय." रस्त्यात उभं राहून दोघं हसलो. किती दिवसांनी.
पोचलो तर बैठक उठलेली. एक म्हातारा दाराला कुलूप लावायलेला. खाजामामू, रिटायर बसड्रायव्हर. आमच्याकडं बघितलं अन् कुलूप परत काढलं. "आओ बेटा. दो आदमी की भी मीटिंग होती."
मी बाहेर पायरीवर. आधी नुसता मामूचा आवाज. मग बऱ्याच वेळानं अण्णाचा.

२३ फेब्रु. ऐतवार
घरच्या माणसांना मागच्या बाकावर बसू देतात. कोणी कन्नडात बोलतंय, कोणी दखनीत. अण्णा मराठीत. त्याचं सगळं कळलं का सगळ्यांना, माहीत न्हाई. माना मात्र हलवत होते.
अण्णा म्हणाला, "न पिता मला वाजवता येत न्हाई. बोटं कापतेत. वाजवणं सुटलं तर मी कोण?"
मामू म्हणाले, "बाजा तू बजाता कि बोतल बजाती?"
सगळे हसले. अण्णाबी हसला, जरा उशिरा.

१० मार्च, सोम.
निर्ण्याला लग्न होतं. बँडवाल्यांना मांडवामागं पाजतात, रीतच आहे. अण्णा पिऊन आला.
वाढलं.
"मला कामून वाढायलीस?"
"वयनीनं सांगितलंय."
मान खाली घालून जेवला. ताट स्वतः घासलं. नीट न्हाई निघालं, मी परत घासलं. त्याला कळू दिलं न्हाई.

१६ मार्च, ऐतवार
सकाळी उठेना. "कोणत्या तोंडानं जाऊ?"
म्हणलं, "हेच घेऊन चल. दुसरं कुठंय तुझ्याकडं?"
तिथं उभा राहून निर्ण्याचं सगळं सांगितलं. कोणी रागवलं न्हाई. मामूंनी बाकावर सरकून जागा केली, कोणीतरी चहा पुढं केला. अण्णाचे डोळे भरले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

१४ एप्रिल, सोम.
जयंतीची मिरवणूक. बँडच्या मालकाला अण्णानं आधीच सांगून ठेवलं, मला विचारू नका, मी घेणार न्हाई. खाजामामू मुद्दाम गुलबर्ग्याहून आले. पाण्याची बाटली घेऊन अण्णाच्या बाजूनं चालायलेले, वयाचा विचार न करता.
सुरुवातीला सूर फाटला. कोणीतरी फिदीफिदी हसलं. अण्णा थांबला, तोंड पुसलं, परत धरलं. पुन्हा फाटला. मला वाटलं आता हा बाजूला होणार, प्यायला जाणार. गेला न्हाई. चौकापर्यंत पोचला तोवर बोटं बसली होती. डोळे मिटून वाजवायलेला.
म्हणून त्याला दिसलं न्हाई. पलीकडं वयनी उभी होती, जयंतीला मंठाळहून आलेली, मंगलचा हात धरून. मी धावत गेले.
वयनी म्हणली, "आवाज बदललाय."
"बरा का वाईट?"
"माहीत न्हाई. लग्नाआधी ऐकला होता असा." मग म्हणली, "ऐतवारी मी बी येते. बघते काय बोलतेत."

२० एप्रिल, ऐतवार
चौघं गुलबर्ग्याला. जाताना अण्णा एकटा पुढच्या सीटवर, मागं वळून बघायची हिंमत न्हाई. बैठकीत मामूंनी वयनीला विचारलं, बोलणार का. उठली. म्हणली, "मला ह्यांचा राग न्हाई. भरोसा न्हाई." एवढंच बोलून बसली. अण्णानं मान हलवली.
हुमनाबादला उतरलो तर बसवकल्याणची गाडी लागलेली, तिकडूनच पुढं मंठाळ. मंगलनं अण्णाचा शर्ट धरला. "मी अप्पाजवळ राहते."
मला वाटलं वयनी ओढून नेणार. ती अण्णाकडं बघत राहिली. मग पिशवीतून पोरीचे कपडे काढून त्याच्या हातात दिले. माझ्या न्हाई, त्याच्या. "रात्री पांघरूण काढून टाकती ती. बघत जा. पुढच्या ऐतवारी येते मी."
गाडी गेली. अण्णा कपडे छातीशी धरून तसाच उभा.
आता अंगणात मंगलची वेणी घालायलाय. वाकडी येतीय. ती "दुखतंय अप्पा" म्हणते, हा परत सोडून परत घालतो.
वयनी ऐतवारी पोरीला न्यायला येणार का राहायला, तिनं सांगितलं न्हाई. आम्ही विचारलं न्हाई.