डोंगर कोण धुणार?

१२ मे, सोमवार. हॅमिल्टन
जपानहून पत्र. ओतोसानच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गावची नगरपालिका विचारतेय, घर पाडायचं की ठेवायचं? पाडलं तर खर्च सरकारचा. ठेवलं तर परत राहायला जाता येईल, त्यांची गल्ली आता खुली केलीय. उत्तर महिनाअखेरीपर्यंत पोचायला हवं.
अणुभट्टीच्या अपघातानंतर गाव एका दुपारी रिकामं झालं. दोन दिवसांत परत येऊ म्हणून ओतोसान आणि सासूबाई एकच बॅग घेऊन निघाले होते. सासूबाई निर्वासितांच्या तात्पुरत्या खोलीतच वारल्या. मग आम्ही ओतोसानना इकडे आणलं.
नवऱ्याने, केंजीने, पत्र वाचून फ्रिजवर लावलं. "पाडायचं," म्हणाला. वडिलांकडे न बघता. ओतोसान जेवले नाहीत.

१४ मे, बुध.
हिवाळा तोंडावर, कामावर फार्मसीत फ्लूच्या लशींची गर्दी, पाय मोडले. घरी बापलेक बोलत नाहीत. मी मध्ये.
केंजी गेल्या वर्षी घर बघून आला होता, ते आज पुन्हा सांगत बसला. पांढरा सूट, फक्त दोन तासांची परवानगी. स्वयंपाकघरात रानडुकरांनी धुडगूस घातलेला. अंगणात रेडिएशन मोजायचा मीटर गप्प. पन्हळीखाली नेला तर कोकलायला लागला, मागच्या बांबूच्या बनात तर विचारू नका. "घर धुतलं, रस्ता धुतला. डोंगर कोण धुणार? पाऊस आला की तिकडूनच सगळं खाली येतं."
मीरा ऐकत होती. "पापा, इज इट स्टिल इन द डर्ट?"
"हो. तू आजी होशील तेव्हाही असेल."
आठ वर्षांची पोर. गुपचूप जाऊन हात धुऊन आली.

१७ मे, शनि.
केंजी मीराला पोहायला घेऊन गेला. पोहायचे कपडे, टॉग्ज, विसरली म्हणून परत आले, पुन्हा गेले. गाडी वळल्यावर ओतोसान खोलीतून आले. हातात पाकीट. आत पत्रासोबत आलेला उत्तराचा फॉर्म, 'ठेवायचं'वर खूण, खाली सहीच्या जागी त्यांचा लाल शिक्का.
"मंजिरी-सान. पोस्ट."
"केंजीला विचारून..."
"केंजी नको."
माझ्या मोडक्या जपानीत म्हटलं, तिथे अजून धोका आहे.
"मी एक्याऐंशी. ते विष हळू, मी घाईत." हसले. मग हसू गेलं. "बायको तिथे एकटी."
सासूबाईंच्या अस्थी गावच्या थडग्यात आहेत. मी पाकीट घेतलं. का घेतलं?

१८ मे, रवि.
केंजीला आडून विचारलं, बाबा परत जातो म्हणाले तर?
"एकटं कसं सोडू? हॉस्पिटल तासाभरावर. मलाही जावं लागेल."
"आणि आम्ही?"
"मीरा तिथे पाय ठेवणार नाही."
म्हणजे मी आणि मीरा इथे. तो तिथे. किती वर्षं, ते...

१९ मे, सोम.
लंच ब्रेकमध्ये मी फार्मसीजवळच्या पोस्टात गेले. रांगेत नंबर आला तशी बाहेर पडले.
आईचा पुण्याहून फोन. सगळं सांगितलं. "म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये गं. पण पोरीचा बाप तिकडे धाडू नकोस." एका दमात दोन्ही. वा.

२१ मे, बुध.
केंजीला सांगायचंच ठरवून गेले. तो लॅपटॉपवर पाडण्याचा अर्ज भरत होता. "शनिवारी बाबांचा शिक्का घेतो." मी चहा ठेवायला वळले.

२२ मे, गुरु.
सकाळी घाईत डबे भरत होते. ओतोसान मागे येऊन उभे. "पाठवलं?"
मी "हो" म्हटलं.
ते कमरेत वाकले. मला. सुनेला. बराच वेळ वर आलेच नाहीत. मी त्यांचे खांदे धरून उठवलं, तर डोळे भरलेले.
पाकीट फार्मसीतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्या कुरिअर केलं तर अजून वेळेत पोचेल. फाडलं तर कुणाला कळणारही नाही. दिवसभर तो ड्रॉवर उघडला नाही.
संध्याकाळी घरी आले तर ओतोसान स्वेटर घड्या घालून सुटकेसमध्ये रचत होते. एकेक, सावकाश.
पाठोपाठ केंजी आला. दारातूनच, "बाबा सुटकेस का भरतायत?"
मी भेंडी चिरत राहिले.
"मंजिरी? तुला विचारतोय."