टाचेवर निवडुंगाचा शेक

४ मार्च, सोमवार
ह्यांच्या टाचेला जखम झालीय. शिलाई मशीनचं पायडल घासलं म्हणतात. लेक म्हणाली, दवाखान्यात ने. मी म्हटलं, शुगरवाल्याला तिथं आधी ओरडतात, मग कापतात. माझी आई वाळवंटाच्या कडेची. कोरफड आणि निवडुंगावर अख्खं गाव बरं करायची. आठवड्यात टाच कोरी करून दाखवते.

५ मार्च
कोरफड चिरली. पिवळा चीक निथळू दिला, गर बांधला. थंड वाटतंय का, विचारलं. वाटतंय म्हणाले. गुण आला.

८ मार्च
जखम पसरली. पसरली म्हणजे वर आली, वर आली म्हणजे आता जाणार. लेक डोकं खाते, म्हणून ह्यांना घरातसुद्धा मोजा घालायला लावला.

१० मार्च, रविवार
कोरफड फार मवाळ. निवडुंगाचं पान आणलं, काटे खरवडले, तव्यावर भाजून गरमच बांधलं. माझी बोटं पोळली. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. छान शेक लागतोय म्हणाले. मलमाने होतं का असं?

११ मार्च, सकाळ
टाचभर फोड. आतली घाण बाहेर पडतेय. वास येतो तो पानाचा.
लेकीने मोजा ओढून काढला. मला म्हणाली, "आई, दारातून बाजूला हो." कधी बोलली नव्हती असं. झाले बाजूला. मलाही दवाखान्यातल्या लोकांना चार गोष्टी सांगायच्याच आहेत.

दुपार, दवाखान्याचं बाकडं
डॉक्टरीण म्हणजे एवढीशी पोर. भाजलंय कशाने, विचारलं. हे म्हणाले, इस्त्री पडली. मी पिशवीचा बंद आवळत बसले.
मग तिने सुई काढली. काका, टोचलं की सांगा. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओठ आवळला की हे म्हणायचे, टोचलं. पोरीच्या लक्षात आलं. तिने ह्यांना डोळे मिटायला लावले.
टाच झाली. चवडा झाला. अंगठा झाला. हे गप्प.
शेवटी हेच म्हणाले, "डॉक्टर, सुरू केलंत का?"

संध्याकाळ
पाय राहतो का, ते उद्या सांगणार. शेक लागतोय कशाला म्हणालात, मी विचारलं. म्हणाले, "तू एवढी खपत होतीस."