ती बारीकशी खूण

बाभुळगाव, मंगळवार संध्याकाळ

शांताकाकू आज दुकानात आल्या, पण बसल्या नाहीत. "माह्या आधारची झेराक्स दे वापस," एवढंच बोलल्या. फॉर्म भरायचं हे दुकान टाकलं तेव्हा पहिला फॉर्म त्यांचाच होता. मी फाइलमधून काढून झेराक्स दिली.

समोरचा टपरीवाला दारात पाण्याचा माठ ठेवावा तसं नेट ठेवतो, बिनपासवर्डचं. मागच्या आठवड्यात आमचं नेट गेलं आणि लॅपटॉपनं गुपचूप त्याचं धरलं. मला पत्ताच नाही! दिवसभर त्याच्यावरच लोकांचे आधार नंबर भरत बसले. दोन दिवसांनी माझ्या मेलवरून गिऱ्हाइकांना ओटीपी मागणारे निरोप गेले. त्यामुळेच झालं का? दुसरं काय असणार?

लॅपटॉपात टपरीवाल्याच्या नेटखाली 'आपोआप जोडा'समोरची ती बारीकशी खूण यांनीच केलेली. "फुकटात भेटते तं कायले सोडतं?" म्हणाले होते.

दुपारी मीच शोधून ती खूण काढली. जेवून येते तर खूण परत जागेवर, आणि हे लॅपटॉपवर मॅच पाहत बसलेले!

"नेट लागून नव्हतं राह्यलं. तूच काहीतरी बिघडवलं. म्या नीट करून देल्लं."

काकूंचं सांगितलं. "लोकाइले काय समजते त्यातलं," म्हणाले. नजर मॅचवरच.

आत्ता खूण पुन्हा काढली, लॅपटॉपचा पासवर्डही बदलला. पाटीवर नाव यांचं आहे, पण झेराक्स परत मागायला लोक माझ्यासमोर उभे राहतात. उद्या हे पासवर्ड विचारतील.

विचारू देत.